आउटबॅकमध्ये कॅरॅव्हॅनवर सॅटेलाइट टीव्ही: डिश अशी लावा

ऑस्ट्रेलियात किनाऱ्यावरची शहरं मागे पडून आउटबॅक, म्हणजे आतला विरळ वस्तीचा प्रदेश, सुरू झाला की छपरावरच्या साध्या अँटेनावर येणारे चॅनेल एकेक करून बंद होतात, आणि मोबाइलचं नेटवर्कही गावं सोडली तर मिळत नाही. अशा ठिकाणी टीव्ही पाहायचा तर उपग्रहाशिवाय मार्ग नाही. प्रवाशांसाठी सोयीची सेवा म्हणजे व्हास्ट. २०१० साली सुरू झालेली, सरकारी अर्थसाहाय्यावर चालणारी ही सेवा पाहायला महिन्याचे पैसे पडत नाहीत, पण तिचा मान्यताप्राप्त बॉक्स आणि त्यातलं स्मार्ट कार्ड लागतं, आणि प्रवासी म्हणून नोंदणी करावी लागते. ही नोंदणी घरून, नेटवर्क असतानाच उरकून घ्या. बॉक्सला मिळणारी परवानगी उपग्रहावरूनच येते. त्यामुळे डिश लागलेली असताना बॉक्स चालू ठेवून एका चॅनेलवर थांबावं लागतं. बॉक्स बंद करून कपाटात ठेवला तर ती परवानगी त्याच्यापर्यंत पोचणारच नाही.

उपग्रह आहे कुठे?

व्हास्टचे कार्यक्रम १५६ अंश पूर्व रेखांशावरच्या, ऑप्टस या दूरसंचार कंपनीच्या उपग्रहांच्या जागेवरून येतात. विषुववृत्तावर, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवरची ही जागा आपल्या दृष्टीने कायम स्थिर असते. ऑस्ट्रेलिया विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे डिशचं तोंड उत्तरेकडेच राहतं. किती पूर्वेला वळवायची आणि किती उचलायची, हे मात्र मुक्कामागणिक बदलतं. खऱ्या उत्तरेपासून मोजलं तर पर्थमध्ये दिशा सुमारे ५८ अंश आणि उंची ३३ अंश. ब्रूमला ६५ आणि ४६. अ‍ॅलिस स्प्रिंग्जला ४५ आणि ५३. केर्न्सला ३२ आणि ६७. सिडनीत दिशा जेमतेम ९ अंश, उंची ५०. म्हणजे पर्थहून केर्न्सला पोचेपर्यंत डिशची उंची दुप्पट होते. मागच्या मुक्कामाची मांडणी तशीच ठेवून चालत नाही ती यामुळे.

होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, खरी उत्तर नव्हे. पर्थच्या बाजूला हा फरक एक-दोन अंशांचा असल्याने सोडून दिला तरी चालतो. केर्न्सला तो सुमारे ७ अंश पूर्व आहे, सिडनीकडे १२ अंशांच्या वर. पूर्वेकडचा फरक खऱ्या दिशेतून वजा करायचा. म्हणून सिडनीत उपग्रह खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला असूनही होकायंत्रावर तो उत्तरेच्या किंचित पश्चिमेला, ३५६ अंशांच्या आसपास, दिसतो. हे ठाऊक नसलेला माणूस तासभर भलत्याच बाजूला डिश फिरवत बसतो. होकायंत्र असो वा फोन, मोजमाप कॅरॅव्हॅन, गाडी आणि लोखंडी तिपाईपासून चार-पाच पावलं दूर उभं राहूनच घ्या.

फोनमधलं डिश-दर्शक अ‍ॅप हे काम सोपं करतं. जीपीएस आणि आतल्या होकायंत्राला नेटवर्क लागत नाही, पण अ‍ॅप आणि त्यातली उपग्रहांची यादी आधी उतरवून ठेवलेली हवी. फोनचं होकायंत्र अधूनमधून बिघडतं. हवेत आठाचा आकडा काढल्यासारखा फोन फिरवला की ते सहसा ताळ्यावर येतं.

काय काय लागतं

डिश ८० ते ८५ सेंटिमीटरची घ्या. ६५ सेंटिमीटरची डिश हलकी असते आणि निरभ्र हवेत बहुतेक ठिकाणी चालते, पण ८५ सेंटिमीटरच्या डिशचं क्षेत्रफळ तिच्या जवळजवळ पावणेदोन पट असतं, म्हणजे सव्वादोन डेसिबल जास्त सिग्नल. उत्तरेच्या पावसाळी पट्ट्यात किंवा ढग दाटले असताना चित्र टिकतं ते याच फरकावर. जागा आणि वजन परवडत असेल तर मोठीच घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एलएनबीवर, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावर बसणाऱ्या, सिग्नल गोळा करणाऱ्या डबीवर, १०.७ गिगाहर्ट्झ असं छापलेलं पाहून घ्या आणि बॉक्सच्या मेनूतही १०७०० हाच आकडा असू द्या. उपग्रहाकडून आलेल्या वारंवारितेतून एलएनबी हा आकडा वजा करून उरलेला सिग्नल केबलमध्ये सोडतो. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर डिश अचूक असूनही बॉक्स भलत्या जागी शोधत राहतो. परदेशातून आणलेल्या युनिव्हर्सल एलएनबीचा घोळ नेमका इथेच होतो.

केबल ७५ ओहमची आरजी-६, पंधरा ते वीस मीटर. एवढी लांब कशाला, असं वाटेल. दुपारच्या उन्हात कॅरॅव्हॅन झाडाखाली हवी आणि डिश उघड्यावर, म्हणून. पंधरा मीटरमध्ये सिग्नल चारेक डेसिबलने घटतो, पण एलएनबी तो आधीच ५० डेसिबलपेक्षा जास्त वाढवून देत असल्यामुळे ते जाणवत नाही. मध्ये अँप्लिफायर घालू नका. त्रास देतात ते केबलच्या टोकांचे एफ कनेक्टर. हाताने फिरवून बसवायचे कनेक्टर खडबडीत रस्त्यावर सैल होतात, तेव्हा अवजाराने दाबून बसवायचे, कॉम्प्रेशनचे लावून घ्या आणि दोन जादाचे जवळ ठेवा.

याशिवाय भक्कम तिपाई, छोटी गोल पाणसळ, एक स्पॅनर, मेखा आणि दोर. आणि जमलं तर डिजिटल सॅटेलाइट मीटर. स्वस्तातला शिट्टी वाजवणारा मीटर कोणताही उपग्रह सापडला की वाजतो. डिजिटल मीटर मात्र पकडलेला सिग्नल वाचून आपण निवडलेलाच उपग्रह आहे की नाही ते सांगतो. छपरावरच्या, आपोआप उपग्रह शोधणाऱ्या स्वयंचलित घुमटाच्या किमतीचा छोटा हिस्सा या मीटरवर खर्च केला तर बहुतेकांचं काम भागतं.

जागा निवडणं

डिशसमोर उपग्रहाच्या दिशेला झाड असेल तर ते किती लांब हवं याचा सोपा हिशेब आहे. उपग्रहाची उंची ४५ अंश असेल तर झाडाच्या उंचीइतकं अंतर पुरतं. पर्थसारख्या ३३ अंशांच्या ठिकाणी उंचीच्या दीडपट पुरत नाही, किंचित जास्त लागतं. केर्न्सला अर्ध्यापेक्षाही कमी अंतर चालतं. विरळ दिसणारी पानंसुद्धा सिग्नल अडवतात, ओली असली तर फारच. सकाळी झाडाच्या कडेने मिळणारं चित्र वारा सुटला की तुटू लागतं, आणि लोक उगाच डिशला दोष देतात.

सूर्याचाही उपयोग करता येतो. तो उपग्रहाच्या दिशेला, म्हणजे अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये ४५ अंशांवर, किती वाजता येतो हे अ‍ॅपवर पाहा. त्या क्षणी उभ्या काठीची सावली पडेल तिच्या नेमक्या उलट दिशेला उपग्रह असतो, आणि यात चुंबकीय फरकाची भानगडच नाही. ही युक्ती डिसेंबर-जानेवारीत केर्न्स किंवा डार्विनला लावू नका. तिथे त्या दिवसांत सूर्य दुपारी डोक्याच्या दक्षिणेला जातो.

प्रत्यक्ष लावताना

तिपाई पक्क्या जमिनीवर उभी करा आणि तिचा मधला खांब पाणसळीने दोन्ही बाजूंनी अगदी ओळंब्यात आणा. डिश न लागण्याच्या निम्म्या तक्रारी या एका पायरीपाशी संपतात. ८५ सेंटिमीटरच्या डिशची नजर साधारण २ अंश रुंद असते, म्हणजे मध्यापासून एक अंश सरकलं की सिग्नल निम्म्यावर येतो. खांब ३ अंश कललेला असेल तर उंचीच्या पट्टीवरचा आकडा खोटा ठरतो, आणि डिश फिरवताना तो खोटेपणाही बदलत जातो. मग उपग्रहाच्या दिशेवरून डिश कितीही वेळा गेली तरी ती त्याच्या वरून किंवा खालून जाते.

आता उंचीच्या पट्टीवर मुक्कामाचा आकडा लावा. ही डिश ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे तिच्या तोंडापेक्षा तिची नजर वीस-बावीस अंशांनी वर असते. पर्थमध्ये ३३ अंश लावल्यावर ती जवळजवळ उभी दिसेल, जणू समोरच्या कुंपणाकडे पाहते आहे. ते बरोबर आहे. डोळ्यांना पटावं म्हणून ती मागे झुकवू नका.

एलएनबी त्याच्या पकडीत किती फिरवायचा, तो आकडा त्या गावासाठी दिलेल्या तक्त्यातून किंवा अ‍ॅपमधून घ्या. उपग्रहाचं ध्रुवण, म्हणजे त्याच्या लहरी ज्या कोनात डोलतात तो, विषुववृत्ताशी समांतर असेलच असं नाही, त्यामुळे सर्वसाधारण सूत्राने काढलेला कोन फसवू शकतो. सुरुवातीला पाच-सात अंशांची चूक चालते, ती शेवटी दुरुस्त करता येते.

केबल जोडताना बॉक्स बंद ठेवा. एलएनबीला वीज याच केबलमधून जाते आणि मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर शॉर्ट होतो. मग बॉक्स चालू करून सिग्नल दाखवणारं पान उघडा. तिथे ताकद आणि गुणवत्ता असे दोन आकडे असतात. ताकदीकडे दुर्लक्ष करा. एलएनबीला वीज मिळाली की डिश आकाशात कुठेही असली तरी तो आकडा बराच वर जातो. चित्र येणार की नाही हे गुणवत्ताच सांगते.

डिश अंदाजे दिशेच्या दहा अंश अलीकडे वळवा आणि तिथून पलीकडे सरकवत न्या. कडेला धरून साधारण सात मिलिमीटर सरकवली की एक अंश होतो. प्रत्येक वेळी एवढंच सरकवून तीन सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल ओळखून पकडायला तेवढा वेळ लागतो. सलग फिरवत राहिलात तर डिश उपग्रहावरून निघून जाईल आणि पडद्यावर शून्यच दिसेल. लागू न शकणाऱ्या डिशचं दुसरं मोठं कारण हेच. पूर्ण फेरीत काही सापडलं नाही तर उंची एका अंशाने बदलून पुन्हा तोच पट्टा फिरवा. दिशा आणि उंची दोन्ही एकदम हलवू नका.

गुणवत्ता दिसली की आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली, शेवटी एलएनबी किंचित फिरवून आकडा जास्तीत जास्त वर न्या. नट घट्ट करताना डिश थोडी हलते, म्हणून आवळताना आकड्यावर नजर ठेवा. हे करताना डिशसमोर उभं राहू नका. शिट्टीवाला मीटर लावला असेल तर तो काढून केबल सरळ जोडा. एक माणूस आत टीव्हीपाशी आणि एक बाहेर असेल तर काम पटकन होतं, फक्त आतल्याने "वाढला, कमी झाला" न म्हणता आकडे सांगावेत.

सिग्नल आहे, पण व्हास्टचे चॅनेल नाहीत

१५६ अंशांच्या दोन्ही बाजूंना, १५२ आणि १६० अंशांवरही, ऑप्टसच्या जागा आहेत. दरम्यान फक्त चार अंश. मीटर छान वाजतो, ताकद भरपूर, गुणवत्ता शून्य किंवा चॅनेल भलतेच, असं झालं तर बहुधा शेजारचा उपग्रह लागलेला असतो. होकायंत्रातला फरक लक्षात घेऊन काही अंश पूर्वेला किंवा पश्चिमेला सरका, उंचीही थोडीशी बदलेल. १६० वर असाल तर पश्चिमेकडे, म्हणजे उत्तरेला तोंड असताना डावीकडे जायचं.

दोन्ही आकडे शून्य असतील तर वीजच पोचत नाही. कनेक्टर उघडून जाळीचा एखादा केस मधल्या तारेला लागलाय का ते पाहा. कॅरॅव्हॅनच्या भिंतीतल्या सॉकेटवर संशय असेल तर केबल खिडकीतून आत घेऊन थेट बॉक्सला लावा. भिंतीत टीव्हीचा स्प्लिटर किंवा बूस्टर असेल तर उपग्रहाचा सिग्नल त्यातून पार होत नाही, हे तेव्हाच कळतं. चित्र येतं पण सकाळी दवाने तुटतं, तेव्हा एलएनबीच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं आहे असं समजा. कोरडं करून त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा.

मार्चच्या विषुवदिनानंतर आणि सप्टेंबरच्या विषुवदिनाआधी काही दिवस ठरावीक वेळी काही मिनिटं चित्र जातं. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. तेव्हा डिशला हात लावू नका.

वारा आणि वीज

ताशी ५० किलोमीटर वाऱ्यात ८५ सेंटिमीटरची डिश आठ-नऊ किलोचा रेटा घेते, आणि तोही तिपाईच्या टोकाशी. तिपाईच्या मधल्या हुकाला वीस लिटरचा पाण्याचा कॅन टांगा आणि पायांना मेखा ठोका. वाळूत मेख धरत नाही, तिथे वाळूच्या पिशव्या घाला. वादळाचा अंदाज असेल तर डिश उतरवून ठेवा. वाकलेली डिश परत सरळ होत नाही.

बॉक्स आणि एलएनबी मिळून साधारण २० वॅट, १२ व्होल्टचा छोटा टीव्ही ३० वॅट धरा. म्हणजे चार अँपियरच्या वर, चार तासांना सुमारे १७ अँपियर-तास. १०० अँपियर-तासांच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात, त्यात फ्रिजही बसवायचा आहे हे विसरू नका. सौर पॅनेल किंवा गाडी चार्ज करत असताना बॅटरीचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. टीव्हीवर फक्त १२ व्होल्ट लिहिलं असेल तर मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा कन्व्हर्टर घाला. दाब कमी पडण्याचाही त्रास आहे. बारीक तारांमुळे बॉक्सला ११ व्होल्टच मिळाले तर तो एलएनबीला १८ व्होल्ट नीट देऊ शकत नाही, आणि मग निम्मे चॅनेल लागतात, निम्मे नाहीत. ही अडचण डिश हलवून सुटत नाही.

स्वयंचलित घुमट घ्यावा का? रोज नव्या ठिकाणी मुक्काम असेल आणि तिपाई लावण्याचा कंटाळा येत असेल तर जरूर. पण त्याच्या आतली डिश लहान असते, बहुतेक मॉडेल गाडी थांबवल्यावरच चालतात, आणि सावलीत उभं राहायचं की टीव्ही पाहायचा हा प्रश्न घुमटाने सुटत नाही, कारण तो छपरालाच जडलेला असतो.