सिलिकॉनच्या वलयांवर काम करताना या चुका टाळा

कार्बनच्या वलयांवर हात बसलेला माणूस सिलोक्झेनकडे, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकाआड एक जोडलेल्या संयुगांकडे, वळला की हमखास अडतो. इथलं वलय पक्कं नसतं. तीव्र आम्ल किंवा अल्कली मिळाली की उघडतं, आणि उघडलेली साखळी पुन्हा वलयं सोडते.

पहिला घोळ नावाचा. डी३, डी४, डी५ ही या वलयांची छोटी नावं. डी४ मधले चार म्हणजे चार सिलिकॉन. मध्ये एकाआड एक ऑक्सिजन, म्हणून वलय आठ अणूंचं. डी३ सहा अणूंचं आणि ताणलेलं, त्यामुळे चटकन उघडतं. डी४ मध्ये ताण जवळपास नसतोच. दोघांना एकच कृती लावू नका.

सर्वांत महागात पडणारी चूक पुढची. डी४ मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून तापवलं की द्रव घट्ट होतो, ढवळणी जड होते. सगळं डी४ संपेल म्हणून कितीही तापवा, साधारण १० ते १५ टक्के वलयं उरतातच, कारण तो साखळ्या आणि वलयं यांच्यातला समतोल आहे. द्रावक घातलात तर आणखी जास्त. मग ती काढायला थेट निर्वात लावला जातो आणि घट्ट झालेलं तेल डोळ्यांदेखत पातळ होऊ लागतं! उत्प्रेरक, म्हणजे ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, अजून जिवंत असतो, वलयं बाहेर पडत राहतात आणि साखळी स्वतःलाच कुरतडत जाते. आधी उत्प्रेरक उदासीन करा, मगच निर्वात. हा क्रम मी कधीच मोडत नाही.

तेल घट्टच होत नसेल तर पाण्याचा संशय घ्या. पाण्याने साखळ्यांची टोकं वाढतात, लांबी घटते. काचेच्या उपकरणाच्या सांध्यांना सिलिकॉन ग्रीसही लावू नका, अल्कली तेही ओढून घेते.

थंडीत डी४ च्या बाटलीत स्फटिक दिसले म्हणून ती फेकू नका. ते १७.५ अंश सेल्सिअसला गोठतं. कोमट पाण्यात बाटली ठेवा, पूर्ण वितळू द्या, हलवा, मगच घ्या. अर्धवट वितळलेल्यातून घेतलंत तर अशुद्धी जास्त येतात.

नमुन्यातले घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात (जीसी-एमएस) २०७, २८१, ३५५ वस्तुमानाची शिखरं दिसली की ‘उत्पादन मिळालं’ असं लगेच लिहू नका. ती अनुक्रमे डी३, डी४, डी५ मधून एक मिथिल गट गेल्यावर उरणारे आयन दाखवतात. यंत्रातल्या तापलेल्या स्तंभावरचा सिलिकॉनचा थर आणि सुई टोचायचं रबरही हीच वलयं सोडतात. आधी नुसतं द्रावक चालवून बघा. त्यातही शिखरं तितकीच उंच आली, तर ती तुमच्या नमुन्याची नाहीत.