सात थरांचा मुलगा आणि कापसाचा हिममानव: थंडीतल्या बालवाडीत या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका छोट्या बालवाडीत मी २६ वर्षं शिकवते आहे. जानेवारीत इथे पारा ५ अंशांखाली जाणं नवलाचं नाही. धुक्यात समोरच्या नीमाचं झाडसुद्धा दिसत नाही, शाळा उशिरा भरते, आणि एखाद्या संध्याकाळी कलेक्टरचा आदेश आला की दुसऱ्या दिवशी भरतच नाही. त्याची तक्रार नाही. तक्रार आहे ती दर थंडीत मोठी माणसं त्याच त्या चुका नव्या उत्साहाने करतात त्याची. आयाही करतात, आज्याही करतात, आणि नव्या शिक्षिका तर हमखास.

मुलाचं गाठोडं करून पाठवणं

ही चूक सगळ्यांत मोठी, म्हणून आधी तिची गोष्ट.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा होता. गोड, शांत, अगदी शहाणा. एका सकाळी वर्गाच्या दारात येऊन नुसता उभा राहिला, पाय एकमेकांत गुंफून. मी ओळखलं आणि धावले. जॅकेटची चेन अडकली. ती सुटली तर आत पूर्ण बाह्यांचा स्वेटर, त्याखाली आजीने विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, त्याखाली शर्ट आणि गरम बनियन. खाली पँट, पँटच्या आत लोकरी पायजमा, आणि पायजम्याच्या नाडीला आजीने प्रेमाने मारलेली निरगाठ. मी दातांनी गाठ सोडवत असतानाच व्हायचं ते झालं. रडताना तो ‘भिजलो’ म्हणाला नाही, ‘आजी रागवेल’ म्हणाला. ते ऐकून मलाच कानकोंडं झालं.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. ‘अहो बाई, ठंडी पाहिलीत का बाहेर?’ मी वाद घातला नाही. त्यांच्या हातांना नातवाचे हातमोजे बसेनात, म्हणून माझे दिले आणि म्हटलं, ‘आजी, हे घालून ती नाडी सोडवून दाखवा.’ दोन मिनिटं झटल्या, मग हसल्या. सोमवारी पायजम्यात इलास्टिक आलं.

आता खरी गोष्ट सांगते: ही चूक निम्मी माझीच होती. कित्येक वर्षं मी मुलांना स्वतःच कपडे चढवायची. २४ मुलं, एकेकाला दोन मिनिटं, म्हणजे ४८ मिनिटं. पहिल्याला कोट घातला की चोविसाव्याची पाळी येईपर्यंत पहिला घामाघूम. आणि मी समजत होते की वेळ वाचतोय! थंडीच्या दिवसांत बालवाडीत मूल जे शिकतं त्यात चेन लावणं, बटण घालणं, डावा-उजवा बूट ओळखणं हे अआइई इतकंच मोठं शिक्षण आहे, किंबहुना मी त्याला वरचा नंबर देते.

कोटाची माझी पद्धत अशी. कोट जमिनीवर पसरायचा, आतली बाजू वर. कॉलर मुलाच्या पायांकडे. मुलाने वाकून दोन्ही बाह्यांत हात घालायचे आणि कोट डोक्यावरून मागे टाकायचा. झालं. पहिला आठवडा नुसता गोंधळ असतो, कोट उलटे, मुलं उलटी. तिसऱ्या आठवड्यात सगळा वर्ग दहा मिनिटांत तयार होतो. चेन खाली अडकवून मी देते, वर मूल ओढतं. ज्यांना पहिल्याच दिवशी यश हवं असतं त्यांनी या वाटेला जाऊ नये.

हातमोजे हरवतात? एक लांब नाडी कोटाच्या दोन्ही बाह्यांतून ओवा आणि तिच्या टोकांना मोजे शिवा. बाजारात महाग मोजे असतात, तेही हरवतात.

आणि कानटोपी. वर्गात आल्यावर ती काढा हो! ‘हा ऐकतच नाही’ अशी तक्रार माझ्याकडे येते तेव्हा मी आधी टोपी बघते. टोपी नसेल तर सर्दी विचारते. सर्दीने कानात पाणी साचलं की मुलाला काही दिवस, कधी काही आठवडे कमी ऐकू येतं. त्याला पुढच्या ओळीत बसवा, समोर येऊन बोला, आणि महिनाभराने तसंच असेल तर घरच्यांना कानाच्या डॉक्टरकडे धाडा. ‘मठ्ठ’ हा शब्द मात्र माझ्या वर्गात चालत नाही.

बंद खोलीत शेगडी

कोळशाची शेगडी वर्गात नको, एक फट उघडी ठेवूनही नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि मुलं नुसती पेंगुळलेली दिसतात. जमिनीवर सतरंजी घाला, ऊन आलं की बाहेर बसा.

कापसाचा हिममानव

एका नव्या मुलीने, म्हणजे शिक्षिकेने, जानेवारीत वर्गाची भिंत सजवली. कापसाचा हिममानव, गाजराचं नाक, शेजारी पेंग्विन. मोबाइलवरून उतरवून घेतलेले कागदही तयार: ‘थंडीत आकाशातून काय पडते?’ खाली तीन चित्रं, बर्फावर खूण करायची. एका पोरीने तिन्ही सोडून कोपऱ्यात करड्या गिरगोट्या काढल्या. विचारलं तर म्हणाली, ‘कोहरा’, म्हणजे धुकं. त्यावर लाल पेनाची फुली! मला इतका राग आला की मी त्या दिवशी जेवलेसुद्धा नाही. पोरगी रोज सकाळी त्या धुक्यातून बापाच्या स्कूटरवर पुढे उभी राहून येते. तिचंच उत्तर खरं होतं. ग्वाल्हेरात बर्फ गोळेवाल्याकडे पडतो, तोही मे महिन्यात.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी महाराष्ट्रात बोर्डी-कोसबाडला बिया, पानं, शंख-शिंपले असलं आजूबाजूचं सामान घेऊन बालवाडी चालवली. आपण मात्र अंगणात गच्च धुकं असताना दाराला कडी लावून पेंग्विन रंगवतो.

मी त्या नव्या शिक्षिकेला ओरडले नाही (थोडी ओरडले). मग आम्ही दोघी मुलांना घेऊन बाहेर गेलो. कुंपणावरच्या कोळ्याच्या जाळ्यावर दव होतं, एकेक थेंब वेगळा दिसत होता. मुलांनी तोंडातून वाफ सोडली, खिडकीच्या काचेवर फुंकर मारून बोटाने आपलं पहिलं अक्षर काढलं. ज्या पोराने महिनाभर पाटीवर ‘र’ काढला नव्हता त्याने काचेवर चार काढले.

आणि बर्फच हवा असेल तर खोबरेल तेल आहे की! साधारण २४ अंशांखाली ते गोठतं. एक बाटली सावलीत ठेवायची, एक उन्हात, आणि मुलांना नुसतं बघत बसू द्यायचं. ‘का वितळलं?’ हे लगेच सांगून टाकू नका. ही नव्या शिक्षिकांची खोड आहे, प्रश्न विचारतात आणि श्वास घ्यायच्या आत उत्तरही स्वतःच देतात.

बाकीच्या, भराभर

गारठलेल्या बोटांत पेन्सिल देऊ नका. आधी दहा मिनिटं मटारच्या शेंगा सोलू द्या. चिमटीला तोच व्यायाम होतो, दाणे मोजले जातात आणि निम्मे पोटात जातात.

थंडीत मुलं पाणी मागत नाहीत. तासातासाने कोमट पाणी पुढे करा.

नाताळच्या सुटीनंतर मुलं जूनसारखी रडतात. पहिले दोन दिवस नवीन काही शिकवू नका, जुनीच गाणी म्हणा.

तिळगूळ मुलांसमोर करायचा म्हणून गरम पाक वर्गात आणू नका. भाजलेले तीळ आणि किसलेला गूळ खलबत्त्यात कुटला की पुरे. आमच्याकडे मग ‘आमची गजक’ (तीळगुळाची इथली मिठाई) म्हणून मुलं मिरवतात. आधी घरी विचारून घ्या, तीळ किंवा शेंगदाणा काहींना सोसत नाही.

बोरन्हाण शाळेत करायला माझी हरकत नाही, काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातलेली पोरं दिसतातही छान. पण डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभरे ओतले की खाली बसलेली तीन वर्षांची पोरं काय तोंडात घालतात ते कोण बघतं? घशात अडकायला एक बोर पुरतं. मी चुरमुरे आणि बत्तासे एवढंच ओतते. आज्या नाराज होतात, होऊ देत.

२६ जानेवारीच्या भारतमातेला पातळ साडीत उघड्या मैदानावर पाऊण तास उभी करू नका. साडीच्या आत स्वेटर घातला तर देशाचा काही अपमान होत नाही. भाषण लांबलं तर भारतमातेला आत न्या, पाहुण्यांना बोलू द्या.

‘संक्रांतीपासून दिवस मोठा होतो’

हे दर वर्षी फळ्यावर लिहिलेलं दिसतं. दिवस २२ डिसेंबरच्या सुमारासच वाढू लागतो. सकाळचा सूर्य मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिराच उगवतो, त्यामुळे शाळेत येणाऱ्या मुलाला काहीच वाढलेलं दिसत नाही. चार वर्षांच्या मुलाला हे तोंडी सांगून उपयोग नाही. मी दोरी वापरते.

सुटीच्या आधी, २२ डिसेंबरच्या आसपास, दुपारी सव्वाबाराला मुलाला अंगणात उभं करायचं आणि सावलीएवढी दोरी कापायची. मीटरभर उंचीच्या मुलाची सावली आपल्याकडे तेव्हा जवळपास ११८ सेंटीमीटर भरते. मग जानेवारीच्या शेवटी पुन्हा मोजायचं, साडेबाराला. २६ला झेंडा झाला की शाळा सुटते, म्हणून मी २७ला करते. त्या दिवसांत भर दुपारी ग्वाल्हेरात सावली जवळजवळ मुलाच्या उंचीइतकीच असते. दोरी सावलीवर ठेवली की जास्तीचं टोक उरतं. सावली आखडली म्हणजे सूर्य वर चढला, म्हणजेच दिवस वाढला. मग मूल दोरीशेजारी जमिनीवर आडवं होतं आणि विचारतं, ‘ताई, मी वाढलो का?’

धुकं निवळलं नाही तर दुसऱ्या दिवशी करा. आणि दोऱ्या नाव लिहून शाळेतच ठेवा. घरी पाठवल्या की पतंगाला लागतात.