युक्रेनला मदत ‘जाहीर’ झाल्याची बातमी कशी वाचावी

रशियाने 24 फेब्रुवारी 2022 रोजी युक्रेनवर चौफेर आक्रमण केले, तेव्हापासून ‘अमुक देशाकडून युक्रेनला इतक्या अब्जांची मदत जाहीर’ हा मथळा मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला आहे. त्यातला आकडा सहसा खोटा नसतो. मात्र तो आकडा रोकड पैशाचा आहे की शस्त्रांच्या किमतीचा, अनुदानाचा आहे की कर्जाचा, आणि माल कोठारात तयार आहे की कारखान्याकडे मागणी अजून नोंदवायची आहे, याचा पत्ता मथळ्यात लागत नाही. तो बातमीच्या पोटातून काढावा लागतो.

सर्वप्रथम माल कुठून येणार ते पाहावे. अमेरिकेने बायडेन यांच्या काळात दोन मुख्य मार्ग वापरले. पहिल्यात राष्ट्राध्यक्ष आपल्या अधिकारात अमेरिकी सैन्याच्याच साठ्यातून शस्त्रे काढून देतात. ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत पोलंडमधील झेशूफ विमानतळामार्गे युक्रेनकडे रवाना होऊ शकतात. दुसऱ्यात संरक्षण खाते युक्रेनसाठी उत्पादकांशी नवे करार करते, आणि तो माल हाती येण्यास कित्येक महिने, प्रसंगी वर्षे लागतात. तेव्हा बातमीत ‘साठ्यातून’ असे म्हटले असेल तर ती या हंगामाच्या लढाईची मदत समजावी. ‘करार’ किंवा ‘खरेदी’ असे म्हटले असेल तर ती पुढच्या वर्षांची तरतूद समजावी.

साठ्यातून दिलेल्या शस्त्रांची किंमत कशी धरली, हा प्रश्नही रास्त आहे. जून 2023 मध्ये पेंटागॉनने कबूल केले, की दोन आर्थिक वर्षांत युक्रेनला पाठवलेल्या शस्त्रांची किंमत आपण 6.2 अब्ज डॉलरने जास्त लावली होती. जुन्या वापरातल्या शस्त्राची दफ्तरी नोंदलेली, घसारा वजा जाता उरलेली किंमत धरण्याऐवजी त्याच्या जागी नवे घेण्यास येणारा खर्च धरला गेला होता. हिशेब दुरुस्त झाल्यावर कायद्याने घातलेल्या मर्यादेत तेवढी जागा मोकळी झाली आणि संसदेकडे नव्याने हात न पसरता आणखी शस्त्रे पाठवण्याची सोय झाली. आधी दिलेल्या मालात मात्र एका तोफगोळ्याचाही फरक पडला नव्हता. म्हणून दोन देशांच्या मदतीची तुलना अब्जांच्या आकड्यांवरून करू नये; किती रणगाडे, किती हवाई संरक्षण यंत्रणा, किती गोळे, ही मोजदाद मिळाली तर तीच धरावी.

आर्थिक मदतीत कर्ज कोणते आणि अनुदान कोणते ते वेगळे काढावे. युरोपीय संघाने 2024 ते 2027 या काळासाठी मंजूर केलेल्या 50 अब्ज युरोंपैकी 33 अब्ज हे कर्ज आहे. जी-7 देशांनी 2024 मध्ये ठरवलेले 50 अब्ज डॉलरही कर्जच आहेत. ते फेडण्यासाठी गोठवलेल्या रशियन मालमत्तेवर मिळणारा नफा वापरायचा, अशी ही योजना आहे. यात मूळ मालमत्ता जप्त झालेली नाही, हा बारकावा मथळ्यांतून हटकून निसटतो.

यानंतर परवानगीचा प्रश्न येतो. शस्त्र विकत घेतले म्हणून ते दुसऱ्याला देता येतेच असे नाही. बनवणाऱ्या देशाची संमती बहुधा करारातच बंधनकारक असते. पोलंड आपले लेपर्ड रणगाडे देण्यास तयार होता, पण ते जर्मन बनावटीचे असल्याने बर्लिनचा होकार आवश्यक होता, आणि तो 25 जानेवारी 2023 रोजी मिळाला. स्वित्झर्लंडने तर तटस्थतेचा दाखला देऊन, गेपार्ड विमानविरोधी तोफांचा स्विस दारूगोळा युक्रेनला देण्यास जर्मनीला नकारच दिला. अखेर जर्मनीला त्याचे उत्पादन आपल्याकडे सुरू करावे लागले. दिलेले शस्त्र कुठवर डागता येईल यावरही अटी असतात, त्यामुळे ‘क्षेपणास्त्रे दिली’ आणि ‘रशियाच्या हद्दीत डागण्यास मुभा दिली’ या दोन स्वतंत्र बातम्या आहेत.

मग तारखांचा ताळा घ्यावा. पॅट्रियट हवाई संरक्षण यंत्रणेची घोषणा डिसेंबर 2022 मध्ये झाली, मधल्या काळात युक्रेनी सैनिकांचे अमेरिकेत प्रशिक्षण झाले आणि यंत्रणा एप्रिल 2023 मध्ये पोहोचली. एफ-16 विमाने देण्याचे डेन्मार्क आणि नेदरलँड्स यांनी ऑगस्ट 2023 मध्ये जाहीर केले. ती युक्रेनच्या हवाई दलात दाखल झाल्याचे झेलेन्स्की यांनी ऑगस्ट 2024 मध्ये सांगितले. युरोपीय संघाने मार्च 2024 पर्यंत दहा लाख तोफगोळे देण्याचे वचन दिले होते, परंतु मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोहोचले होते. ही सारी बोलाचीच कढी होती असे मात्र नव्हे. वचन आणि कारखान्यांची क्षमता यांचा मेळ आधी घातला गेला नव्हता. जर्मनीतील कील येथील अर्थशास्त्र संस्था या मदतीची नोंद ठेवताना नुसता वायदा आणि प्रत्यक्ष वाटप वेगळे दाखवते, त्यामुळे शंका आल्यास तिची आकडेवारी पाहावी.

काही मदतीला किंमतीचे लेबलच नसते. मार्च 2025 मध्ये अमेरिकेने शस्त्रांबरोबर गुप्तवार्तांची देवाणघेवाणही काही दिवस थांबवली, तेव्हा उपग्रहांवरून मिळणाऱ्या माहितीवर युक्रेनचे किती अडते हे उघड झाले.

राजनैतिक पाठिंबा वाचताना ठराव कोणत्या सभागृहातला आहे ते आधी पाहावे. आक्रमणाच्या दुसऱ्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत मांडलेला निषेधाचा ठराव रशियाच्या नकाराधिकाराने पडला. नंतर परिषदेने आमसभेचे आणीबाणीचे विशेष अधिवेशन बोलावले. हा कार्यपद्धतीचा निर्णय असल्याने तिथे नकाराधिकार चालत नाही. 2 मार्च 2022 रोजी आमसभेत 141 देशांनी ठरावाच्या बाजूने आणि 5 देशांनी विरोधात मत दिले, तर भारतासह 35 देश तटस्थ राहिले. आमसभेचा असा ठराव कोणत्याही देशावर कायद्याने बंधनकारक नसतो. तटस्थ मताचा अर्थही परस्पर लावू नये. भारताने आपली भूमिका मतदानानंतरच्या निवेदनांत मांडली आहे, आणि सार्वभौमत्व व प्रादेशिक अखंडतेचा आदर हा मुद्दा त्यांत वारंवार आलेला आहे. मतांची बेरीज कायम राहते असेही नाही: 24 फेब्रुवारी 2025 रोजी युरोपच्या पुढाकाराने आलेल्या ठरावाला 93 मते मिळाली आणि विरोधात मत देणाऱ्या 18 देशांत खुद्द अमेरिका होती.

सर्वांत जपून वाचावे लागतात ते सुरक्षा करार. ब्रिटनने 12 जानेवारी 2024 रोजी पहिला केला आणि मग इतर देशांनी त्याच वळणाचे करार केले. अशा मसुद्यात नामांऐवजी क्रियापदांवर बोट ठेवावे. ब्रिटनच्या करारानुसार पुढे पुन्हा रशियन हल्ला झाल्यास 24 तासांच्या आत उभय देशांनी ‘विचारविनिमय’ करायचा आहे आणि ब्रिटनने मदत ‘पुरवायची’ आहे. ब्रिटिश सैन्य लढायला उतरेल असे वाक्य त्यात नाही. नाटोच्या पाचव्या कलमात एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला सर्वांवरील हल्ला मानला जातो, आणि तरीही प्रत्येक देशाने त्याला आवश्यक वाटेल ती कृती करावी, एवढेच तिथे म्हटलेले आहे. युक्रेन नाटोचा सदस्य नसल्याने ते कलम त्याला लागू नाही. त्यामुळे बातमीत ‘नाटोसारखी हमी’ असे शब्द आले, तर मूळ मसुदा प्रसिद्ध होईपर्यंत त्या हमीचा अर्थ गृहीत धरू नये.