डायलिसिस युनिटमध्ये नवीन लागताय? फॉस्फरसचं आधी ऐका

मी बेळगावात डायलिसिस टेक्निशियन आहे. नवीन पोरापोरींना माझं सांगणं एकच, फॉस्फरस समजावणं हे एकट्या डाएटिशियनचं काम नव्हे, आणि सगळ्यांनी मिळून एकच सांगायचं, नाहीतर पेशंट कुणाचंच ऐकत नाही.

आमच्याकडं पहिल्या शिफ्टला खानापूर बाजूचे एक काका यायचे. किडनी चालत नाही म्हणून रक्तात साठलेला फॉस्फरस 7.8 (मिलीग्रॅम/डेसीलिटर), आम्ही साधारण 3.5 ते 5.5 मध्ये ठेवायला बघतो, आणि तो वाढला की खाज सुटते तशी रात्रभर पाय खाजवून खाजवून रक्त काढलेलं. मी म्हणायचो दूध बंद करा, सिस्टर म्हणायच्या गोळ्या चुकवू नका, डाएटिशियन मॅडम म्हणायच्या अर्धा कप चालतंय. काका नुसती मान हलवायचे. शेवटी एक दिवस मशीनजवळ स्टूल घेऊन बसलो आणि म्हटलं, "काका, पिशवीतली फॉस्फरसची गोळी कुठली, कधी घेता, दाखवा की." त्यांनी बरोब्बर सेव्हेलामर उचलली आणि म्हणाले पहाटे पाचला, बीपीच्या गोळीबरोबर, चहावर. इतके महिने गोळी वायाच गेली हो! ती जेवणातला फॉस्फरस पोटातच धरते आणि संडासवाटे बाहेर नेते, पोटात अन्नच नसेल तर धरणार काय?

मग सगळे एकत्र बसलो. डॉक्टरांनी गोळ्या जेवणानुसार वाटून दिल्या, मॅडमनी काकूंनाच बोलावून घेतलं कारण चूल त्यांच्या हातात, कन्नड पेशंटना सिस्टर "ऊटद जोडी", म्हणजे जेवणाबरोबर, म्हणून सांगायला लागल्या. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण 800 ते 1000 मिलीग्रॅम फॉस्फरस निघतो आणि एका दिवसाच्या जेवणातच जवळजवळ तेवढा असतो, त्यात आपल्याकडं कित्येक जण आठवड्यातून दोनदाच येतात, हा हिशोब पेशंटला नक्की सांगा, लगेच कळतो.

आणि घाबरवून डाळ, अंडी बंद करायला लावू नका, प्रोटीन कमी पडून माणूस वाळतो. डाळीतला फॉस्फरस निम्म्याहून कमी अंगी लागतो, पण कोला आणि पाकीटबंद खाण्यात घातलेला फॉस्फेट जवळजवळ सगळाच शोषला जातो. पाकिटावर 'फॉस' अक्षरं शोधायला शिकवा. आमच्या बेळगावची मिठाई कुंदा म्हणजे आटवलेलं दूधच, तेव्हा लग्नसराईच्या आधीच विषय काढा.

पुढच्या महिन्यात काकांचा 6.1 आला. अजून वरच आहे, पण आता काकू भाकरीच्या डब्यातच गोळीची पुडी ठेवतात.