शाळा पाहून घर घेताय? ठाणे-नवी मुंबईत या चुका टाळा

मूल अडीच-तीन वर्षांचं झालं की घर शोधण्याची रीतच बदलते. तोवर स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ येतं हे विचारणारे आई-बाबा एजंटला पहिला प्रश्न करतात, "जवळ शाळा कुठली?" प्रश्न रास्तच आहे. पण तेवढ्या उत्तरावर टोकन देऊन मोकळी होणारी कुटुंबं पाहिली की जीव तुटतो. घर चुकलं तर मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, फर्निचर, सगळं पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं.

घर जवळ म्हणजे प्रवेश पक्का, असं धरून चालणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. खासगी विनाअनुदानित शाळेवर शेजारच्या सोसायटीतलं मूल घेण्याचं बंधन नाही. भाऊ किंवा बहीण आधीच शाळेत असेल तर त्या मुलाला आधी घेणाऱ्या शाळा बऱ्याच आहेत. कायद्याने अंतर मोजलं जातं ते मुख्यतः आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांसाठी. तिथे आधी 1 किलोमीटरच्या आतल्या मुलांचा विचार होतो, नंतर 3 किलोमीटरपर्यंतच्या. आर्थिक दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न 1 लाखाच्या आत लागतं, वंचित गटांपैकी अनेकांना ही अट नाही, आणि अर्ज जास्त आले की सोडत निघते. म्हणजे गृहकर्ज काढून फ्लॅट घेणाऱ्या बहुतेकांना शाळेजवळच्या पत्त्याचा प्रवेशासाठी काहीच उपयोग नाही.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी प्रवेश, मग त्या भागात भाड्याचं घर, आणि शाळा मानवली तर खरेदी. आपल्या राज्यात नर्सरीसाठी 31 डिसेंबरला 3 वर्षं आणि पहिलीसाठी 6 वर्षं पूर्ण लागतात. तो हिशोब आजच करून ठेवा, कारण अनेक शाळांचे अर्ज जूनच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या आसपासच निघतात.

रविवारी अंतर मोजणं

साइट व्हिजिट रविवारी असते, रस्ता मोकळा असतो, मोबाइल सात मिनिटं दाखवतो. ठाण्यात घोडबंदर रोडवर वाघबीळ, कासारवडवली, ओवळा या पट्ट्यात राहणाऱ्याला सोमवारची सकाळ कशी असते ते विचारा. उरणच्या बंदरातून गुजरातकडे जाणारी अवजड वाहनंही हाच रस्ता धरतात. शाळा बाल्कनीतून दिसते, पण ती पलीकडच्या बाजूला असेल तर बसला पुढचा यू-टर्न घेऊनच यावं लागतं. त्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असा शासनाचा 2024 चा आदेश आहे. लहान मुलांच्या झोपेसाठी तो चांगलाच आहे, पण ज्या शाळांनी तो लागू केला तिथल्या बस आता ऑफिसच्या गर्दीतच सापडतात.

घर ठरवण्याआधी शाळेच्या दिवशी, जमलं तर पावसात, सकाळी त्या सोसायटीच्या गेटवर उभे राहा. मुलं बसची वाट कुठे पाहतात, आत की सर्व्हिस रोडच्या कडेला साचलेल्या पाण्याशेजारी? मुलांना हात देऊन बसमध्ये चढवणारी महिला मदतनीस आहे का? नियमाने ती असायलाच हवी. वॉचमनला विचारा की पहिली बस किती वाजता येते आणि दुपारी मुलं किती वाजता परत उतरतात. त्याला हे वेळापत्रक तोंडपाठ असतं, आणि त्याला तुम्हाला फ्लॅट विकायचा नसतो.

नवी मुंबईत सिडकोच्या आखणीमुळे वाशी, नेरूळसारख्या नोडमध्ये, म्हणजे आखून वसवलेल्या उपनगरांत, शाळा सेक्टरात चालत जाण्याइतक्या जवळ मिळतात. पण नकाशावर शेजारी दिसणाऱ्या खारघर आणि कामोठे यांच्या मध्ये सायन-पनवेल महामार्ग आहे. शिवाय हे दोन्ही नोड पनवेल महापालिकेत, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतात. तक्रार किंवा चौकशी करायची वेळ आली तर वाशी-नेरूळचं शिक्षण खातं इथे कामाला येत नाही.

ब्रोशरमधली शाळा खरी मानणं

मोठ्या टाउनशिपच्या नकाशात एक चौकोन असतो, त्यावर "प्रस्तावित इंटरनॅशनल स्कूल" लिहिलेलं असतं. भूखंड शाळेसाठी राखीव असणं आणि तिथे शाळा उभी राहून चालू होणं यात तुमच्या मुलाचं अख्खं प्राथमिक शिक्षण संपू शकतं. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर आराखडा पाहा आणि शाळेचा उल्लेख करारनाम्यात आहे का ते वाचा. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे गुंतवले असतील तर रेरा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे भरपाई मागता येते, म्हणून ते ब्रोशर जपून ठेवा. पण भरपाई मिळाली तरी मुलाची गेलेली वर्षं परत येत नाहीत.

"सीबीएसई पॅटर्न"ला भुलणं

पॅटर्न म्हणजे संलग्नता, अर्थात सीबीएसई मंडळाची मान्यता, नव्हे. संलग्नता क्रमांक मागा आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर तपासा. कितवीपर्यंत परवानगी आहे तेही बघा, कारण पुढच्या इयत्तांची परवानगी आली नाही तर पालकांना ऐन वेळी दुसरी शाळा शोधत फिरावं लागतं. 11 अंकी यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक) नाही म्हणणाऱ्या शाळेपासून लांबच राहा. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतात, त्याही चाळा.

हप्ता आणि फी वेगवेगळी मोजणं

शाळेजवळचा फ्लॅट 10 लाखांनी महाग असेल तर 20 वर्षांच्या मुदतीत, साडेआठ टक्के व्याजाने, महिन्याचा हप्ता सुमारे 8,700 रुपयांनी वाढतो. शेजारीच शाळेच्या बसचं भाडं लिहा आणि तुलना करा. मग फी. ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. समजा, दर दोन वर्षांनी 15 टक्के वाढ झाली, तर आजची दीड लाखाची फी दहा वर्षांनी 3 लाखांच्या घरात जाते. मुलं दोन असतील तर आकडा दुप्पट करा आणि मगच बँकेत जा.

एका गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं. बिल्डरच्या "जवळच्या शाळां"च्या यादीत ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या मराठी शाळा किंवा महापालिकेच्या शाळा जवळपास नसतातच. नवी मुंबई महापालिका सीवूड्स आणि कोपरखैरणेला सीबीएसई शाळा चालवते, हे त्या भागात फ्लॅट बघणाऱ्या कितीतरी जणांच्या गावीही नसतं. एजंटच्या यादीवर थांबू नका. शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी उभ्या असलेल्या पालकांशी बोला. शिक्षक टिकतात का, वर्गात मुलं किती, गणित कोण शिकवतं हे विचारा, आणि पाचवी-सहावीतल्या मुलांच्या पालकांना आधी गाठा. नर्सरीचे पालक अजून नव्या नवलाईत असतात.