एमएक्स कोणी बदलला? आता पॅनलच सांगतं

म्हापशात आमचं छोटं ऑफिस, डीएनएसचं पॅनल आम्हीच लिहिलंय. डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावापुढे वेबसाइटच्या सर्व्हरचा पत्ता (ए रेकॉर्ड), मेल घेणारा सर्व्हर (एमएक्स रेकॉर्ड) वगैरे लिहून ठेवणारी यंत्रणा, आणि पॅनलमधून या नोंदी बदलता येतात. चतुर्थीच्या आधी कळंगुटच्या एका हॉटेलचे मेल बंद, मालक फोनवर, "कोणी हात लावला रे?" आणि आमच्याकडे उत्तरच नाही. एसओए रेकॉर्डमधला सिरियल (आवृत्तीचा नंबर) वाढलेला, म्हणजे झोन (डोमेनच्या सगळ्या नोंदी) बदललाय एवढं कळतं, पण कोणी ते नाही. एमएक्स चुकलेला, त्यात टीटीएल (इतरांनी उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं ते) ८६४०० सेकंद, म्हणजे दुरुस्त करूनही काही ठिकाणी दिवसभर जुनंच उत्तर.

मग टाइमलाइन घातली, गिऱ्हाइकालाच दिसेल अशी: कोण, कधी, आधीची व्हॅल्यू, नंतरची. बदल आणि त्याची नोंद डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, नाहीतर एक होतं नि दुसरं राहतं. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवली आणि दाखवताना साडेपाच तास मिळवायचे विसरलो, त्यामुळे सकाळी ९:३० चा बदल पहाटे चारचा दिसायला लागला, हसायचं की रडायचं.

खरा वैताग वेबसाइटचं सुरक्षा-सर्टिफिकेट आपोआप रिन्यू करणाऱ्या स्क्रिप्टचा. तिचे अ‍ॅक्मी-चॅलेंजवाले टीएक्सटी रेकॉर्ड (डोमेन आपल्याच ताब्यात आहे हे दाखवणाऱ्या तात्पुरत्या नोंदी) येतात-जातात, सगळी टाइमलाइन त्यांनीच भरलेली. शेवटी ते 'ऑटोमॅटिक' म्हणून एका ओळीत गुंडाळले, क्लिक केलं की उघडतात.

परवा हॉटेलवाल्याची वेबसाइट गेली. या वेळी फोन आला तो हळू आवाजात, "ए रेकॉर्ड आमच्या भाच्यानंच बदललाय, परत कसा करू?"