चार माणसे, आंब्याच्या पेट्या आणि चिपीहून उड्डाण: वजन-तोलाची तयारी

मे महिन्यात सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाच्या धावपट्टीवरून चार आसनी सेसना १७२एस घेऊन निघायचे असेल, तर वजन आणि तोल यांचा हिशेब आदल्या संध्याकाळीच मांडून ठेवावा. सकाळी निघताना घरची मंडळी आणखी एखादी पिशवी पुढे करतातच, आणि तिला नाही म्हणणे हाती आकडे असले की सोपे जाते.

प्रथम त्याच नोंदणी क्रमांकाच्या विमानाचा अद्ययावत वजनतक्ता घ्यावा. पुस्तिकेतील नमुन्याचे आकडे चालत नाहीत, कारण एखादा नवा रेडिओ बसवला तरी रिकाम्या विमानाचे वजन आणि गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर सारे वजन तोलले जाते तो बिंदू, दोन्ही बदलतात. प्रवाशांना वजन विचारू नये, काट्यावर उभे करावे. हापूसची पेटी डझनांवरून धरणे तर फार धोक्याचे. फळ लहानमोठे असते, लाकडी पेटीचे वजन निराळे असते, म्हणून प्रत्येक पेटी स्वतंत्र तोलावी.

त्यानंतर प्रत्येक वजनाला डेटमपासूनच्या, म्हणजे मोजणीसाठी ठरवलेल्या संदर्भरेषेपासूनच्या अंतराने, म्हणजे आर्मने, गुणावे; या गुणाकाराला मोमेंट म्हणतात. या विमानात पुढच्या आसनांचा आर्म ३७ इंच, मागच्यांचा ७३, इंधनाचा ४८ आणि पुढच्या सामानकप्प्याचा ९५ इंच आहे. समजा, रिकामे विमान १,७०० पौंड आणि त्याचा आर्म ३९.५ इंच आहे. पुढे १५५ किलो म्हणजे ३४२ पौंड, मागे १२५ किलो म्हणजे २७६ पौंड, आणि २० किलो आंबे म्हणजे ४४ पौंड. बेरीज २,३६२ पौंड होते. कमाल उड्डाणवजन २,५५० पौंड असल्याने इंधनाला केवळ १८८ पौंड, म्हणजे सुमारे ३१ गॅलन उरतात, तर वापरण्याजोग्या इंधनाची क्षमता ५३ गॅलन आहे. चार माणसांसह टाक्या काठोकाठ भरता येत नाहीत, हे इथेच स्पष्ट होते. ताशी ९ ते १० गॅलन धरल्यास राखीव साठ्यासकट तीन तासांच्या आसपासचेच इंधन हाती राहते. पावसाळ्यात पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन जास्त लागते, तेव्हा एक आसन रिकामे ठेवण्याचीही तयारी असावी. ॲव्हगॅस, म्हणजे या विमानाला लागणारे विमान-पेट्रोल, सर्वत्र मिळत नाही, त्यामुळे परतीच्या इंधनाची चौकशी आधीच करावी.

आता मोमेंटची बेरीज एकूण वजनाने भागावी: ११३,१५६ भागिले २,५५०, म्हणजे ४४.४ इंच. या वजनाला मर्यादा ४१.० ते ४७.३ इंच आहे, म्हणून तोल ठीक आहे. गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेपलीकडे गेला, तर विमानाची स्थिरता घटते आणि स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल एकाएकी घटण्याच्या स्थितीतून, सावरणे अवघड होते, म्हणून मागील सामानाकडे मी सर्वांत जास्त लक्ष देतो. सामानकप्प्यांची एकत्रित मर्यादा १२० पौंड, म्हणजे साधारण ५४ किलो आहे. २० किलोच्या तीन पेट्या ठेवल्या तर ती ओलांडली जाते. ठेवलेल्या पेट्या जाळीने घट्ट बांधाव्यात.

३५ अंश तापमानात समुद्रसपाटीवरही घनता-उंची, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची, सुमारे २,४०० फूट भरते, आणि दमट हवा ती आणखी थोडी वाढवते. त्यामुळे उड्डाणाचे अंतर त्याच तापमानाच्या तक्त्यातून काढावे. शेवटी उतरण्याच्या वेळचा गुरुत्वमध्यही मांडावा. या उदाहरणात इंधन पूर्ण संपले असे धरले तरी तो ४४.१ इंचांवर येतो आणि मर्यादेतच राहतो.